तळीवर आईची खुर्ची

बाबा,

परसातली तळी मेली. हे तुमच्याशिवाय दुसऱ्या कुणाला सांगावं असं माणूस मला उरलेलं नाही.

तुम्ही ती खणलीत तेव्हा मी सात-आठ वर्षांची असेन. शाळेत शिकवून आलात की सदरा खुंटीला अडकवून थेट माडांखाली उतरायचात. तीन बाजूंना चिरे रचलेत, चौथी मात्र नुसती चिखलाची ठेवलीत, उतरती. एका सुट्टीत मी तिथलं गवत कोयत्यानं साफ करायला गेले, तर तुम्ही कधी नव्हे ते ओरडलात. "थंय हात लावू नको! ती त्येंची वाट." मग माझं तोंड उतरलेलं बघून हलकेच म्हणालात, "आपल्याक तीन बाजू पुरे नाय काय गो?" कासव, पाणसाप, बेडूक, सगळे त्याच वाटेनं येत-जात. आरोंद्याहून ओल्या फडक्यात गुंडाळून आईसाठी पांढऱ्या कमळाचा कांदा आणलात, तोही तिथंच लावलात. श्रावणातली तिन्हीसांज आहे, आई भाकऱ्या थापतेय, तुम्ही मागच्या पायरीवर बसला आहात, आणि तळीतून तो एक घोगरा आवाज येतो. त्या बेडकाला आपण म्हातारो म्हणायचो. आई चुलीपासून न उठता म्हणते, "जावा, तुमच्या सोयऱ्यांनी हाक मारल्यानी." आणि तुम्ही खरंच उठून जाता.

तुम्ही गेल्यावर आई रोज संध्याकाळी तळीकाठी जाऊन बसायची. इतकी वर्षं. म्हातारो ओरडला की, आला एकदाचा अशा सुरात, "इलो" म्हणायची आणि घरात यायची. तो तोच बेडूक नसणार हे तिलाही कळत होतं. गेल्या वर्षी ती पडली, खुब्याचं हाड मोडलं आणि तळीकडची उतरण तिला कायमची बंद झाली. मागच्या दारात बसून मान लांबवायची. ते बघवेना, म्हणून मी तळीवर डेक बांधायचं ठरवलं. दारापासून सपाट फळ्या, थेट पाण्यावर, म्हणजे तिची चाकांची खुर्ची सहज जाईल. घरांची कामं करणारे सुतार पाण्यातल्या कामाला तयार होईनात. शेवटी बंदरावरचा, होड्या बांधणारा मेस्त्री आला. ऐनाच्या लाकडाच्या फळ्या, काम होडीसारखं घट्ट. खांब चौथ्या बाजूला रोवले, कारण माती तिथंच मऊ होती. तुमचं ओरडणं मला आठवलं, पण आईचा चेहरा समोर होता.

फळ्या ठोकून झाल्यावर त्यानं वरून-खालून काजूच्या टरफलांचं काळं तेल लावलं, होड्यांना लावतात तसं. "पाण्यात ठिबकतंय ना," मी म्हटलं. "बाय, जल्मभर होडयेक ह्याच तेल लावतंय. दर्यातले मासे मेले काय?" आम्ही दोघंही हसलो. दर्या केवढा, तळी केवढी, हे दोघांच्याही डोक्यात आलं नाही. मे महिना, पाणी जेमतेम गुडघाभर. त्या तेलानं हाताची कातडी सोलते, हे आपल्याकडे पोरासोरांनाही ठाऊक असतं. दोन-तीन दिवसांत पाण्यावर रंगीत साय धरली. बारके मासे पोटं वर करून आले. कासव चौथ्या बाजूच्या चिखलात तोंड खुपसून मेलेलं सापडलं, नव्या खांबाला टेकून. मी घमेल्यानं पाणी उपसलं, विहिरीचं भरलं, फळ्या राखेनं घासल्या. मेस्त्रीही येऊन माझ्याबरोबर उपसत राहिला. पाऊस लागला, तळी भरून वाहिली, वाटलं आता धुऊन निघेल. श्रावण सरत आला. लांब वहाळाच्या वाहत्या पाण्याशी बेडूक ओरडतात. इथं एकही नाही. कमळाची पानं कुजून खाली बसली आहेत.

तळी भरल्यापासून आईला मी रोज संध्याकाळी घेऊन जाते. फळ्या पक्क्या आहेत, एकही करकरत नाही. पाण्यावरचं तिला आता धूसरच दिसतं; ती मान कलती करून थांबते. पहिल्याच संध्याकाळी तिनं विचारलं, "म्हातारो ओरडता काय गो?" आणि मी तोंड उघडायच्या आत स्वतःच म्हणाली, "माजेच कान गेले." तिला कमी ऐकू येतं हे खरंच आहे, कानाशी वाकून मोठ्यानं बोलावं लागतं. "तुका आयकाक येता मां?" मी वाकले आणि "व्हय" म्हणाले. तेव्हापासून ती रोज विचारते आणि मी रोज व्हय म्हणते. "बरा. तुका तरी येता," म्हणून ती हात मांडीवर ठेवते. आत्ताही ती शेजारीच आहे. काय लिहितेस म्हणाली, मी सामानाची यादी म्हटलं. हा कागद कुठं जाणार आहे, बाबा? चुलीतच.

मध्यंतरी डॉक्टरांनी तिच्या कानाचं माप घेतलं. यंत्र घातलं की सगळं स्वच्छ ऐकू येईल म्हणाले. आत्याशी तिला फोनवर बोलता येईल, देवळातली आरती कानावर पडेल, स्वयंपाकघरातून मारलेली माझी हाक पोचेल. "यंत्र इला काय गो?" ती अधूनमधून विचारते. मी सांगते, नाय अजून.

ते येऊन महिना झाला. माझ्या कपाटात आहे, साड्यांच्या खाली. डबी मी उघडलेली नाही.