गोट लावायचा तेवढा राहिलाय

१२ डिसेंबर, दुपारी
गोधडी झाली. आता फक्त गोट लावायचा राहिलाय, म्हणजे चारी कडांना पट्टी. दोन दिवसांचं काम. स्पर्धा दहा जानेवारीला आहे, म्हणजे मी सव्वीस दिवस रिकामी. म्हणून ही वही. नात मिताली नववीत आहे, तिनं हिंदीच्या वहीची उरलेली पानं दिली. म्हणाली, आजी, रोज लिही, टाइमपास होईल. मी चौथी पास आहे पण अक्षर डॉक्टरापेक्षा बरं. वही साड्यांखाली ठेवणार, कोणी वाचायची नाही.
स्पर्धा रेल्वे कॉलनीतल्या महिला मंडळाची. पहिली येईल तिला मार्चपर्यंत मंडळात गोधडी शिकवायला बोलावणार. माझं तिकीट बारा जानेवारीचं आहे, कुर्डुवाडीला, थोरल्या अरुणकडे. चार महिने इथे जयपूरला रणजीतकडे, चार तिकडे, असं पोरांनी ठरवलंय. मला काय, कुठेही चालतं. अरुणकडे टीव्ही आठला बंद होतो, तेही चालतं. पण मंडळानंच अडवून धरलं तर माझा इलाज नाही.

१४ डिसेंबर
मितालीनं नियम वाचून दाखवले. कागद इंग्रजीत. ती आधी हिंदीत सांगते, मग मराठीत, मग कंटाळते. कडा सरळ पाहिजेत, कोपरे काटकोनात, गोटाचे टाके एकसारखे. लोंबता दोरा नको, डाग नको, वास नको. मागे वरच्या बाजूला कापडाची नळी शिवायची, तिच्यात काठी घालून टांगणार. कमीत कमी पाच फूट बाय पाच फूट. माझी साडेसहा बाय साडेपाच आहे, त्यामुळे त्या नियमाशी आपला संबंध नाही.
विहीणबाई पण आहेत स्पर्धेत. मंदाकिनीबाई, सून मोनालीची आई, इथेच सोडाल्याला राहतात. मालक रेल्वेतून रिटायर झाले, तरी मंडळाची मेंबरशिप सोडली नाही. त्या कापूस भरलेली जयपुरी रजाई करतात, गोट मशीनवर मारतात. मी काही बोलणार नाही. मशीनला काय, कोणीही पाय मारावा.

१६ डिसेंबर
निश्चय: स्पर्धेपर्यंत मालिका बंद.
गोट लावायच्या आधी कडा मोजल्या. माझ्या आईची रीत आहे, गोधडीवर मधोमध बसायचं, उजवी कड उजव्या हाताच्या वितीनं, डावी कड डाव्या वितीनं, दोन्ही हात बरोबर चालवत मागे सरकायचं. उजवीकडे दहा वीत भरली, डावीकडे अकरा. म्हणजे डावी बाजू वीतभर लांब. मोनाली म्हणाली, आई, टेप देऊ का. मी म्हटलं, टेप दुकानदार देतो, हात देवानं दिलेत. डावीकडून तिरकं कापून घेतलं. झालं सरळ.
मालिका संध्याकाळी थोडी ऐकली. पाहिली नाही, पाठ करून बसले होते.

१८ डिसेंबर
गच्चीत ऊन दुसऱ्या बाजूनं आलं म्हणून मी पण दुसऱ्या बाजूनं बसले. पुन्हा मोजलं, खात्री असावी म्हणून. तर आता ही डावी बाजू दोन वीत लांब. बरं झालं पाहिलं. इथल्या हवेनं कापड ताणतं. दोन वीत काढली.
अजून भरपूर आहे.

२१ डिसेंबर
मंदाकिनीबाई आल्या होत्या. गोधडी हातात घेऊन बराच वेळ पाहिली. म्हणाल्या, यमुनाताई, टाके अगदी मोजून ठेवल्यासारखे आहेत हो, बाळंतविड्यात द्यायला छान. मी म्हटलं, मोठ्यांची आहे. त्या म्हणाल्या, असं का. दोनदा म्हणाल्या. घाबरल्या असाव्यात.
निश्चय: त्यांच्याविषयी वाईट लिहायचं नाही. चहात साखर तीन चमचे घेतात आणि डायबिटीस आहे म्हणून सांगतात, एवढंच लिहिते.

२५ डिसेंबर
शाळेला सुट्टी. मिताली दिवसभर माझ्याजवळ होती, मोबाईलवर, पण जवळ. म्हणाली, आजी, मतलब आता हा साइड तिरछा दिसतोय. किती बारीक नजर पोरीची. माझ्यावर गेली आहे. लांबीनं मोजलं, डावी जास्त. कापलं. वळून बसले, डावी जास्त. कापलं. मग रुंदीनं पण बघितलं, तिथेही तोच प्रकार. कापड एकदा खोटं वागायला लागलं की सगळीकडून वागतं.
कडेला ह्यांच्या जुन्या शर्टांच्या तुकड्यांची ओळ होती, ती आज गेली. वाईट वाटलं. पण हे असताना सुद्धा कार्यक्रमात कडेलाच उभे राहायचे आणि जेवण झालं की निघून जायचे.

२९ डिसेंबर
अरुणला फोन केला. म्हटलं, माझ्या खोलीत ज्वारीची पोती ठेवायची तर ठेव बाबा, मला मंडळाचं काम निघतंय असं दिसतं. तो म्हणाला, आई, निकाल लागला का. मी म्हटलं, लागल्यासारखाच आहे. सून मागून म्हणाली, आजच ठेवून घेऊ. चांगली आहे ती पण. मन मोकळं आहे.
शेजारच्या सुलभालाही कळवलं, म्हणजे आता सगळ्या गल्लीला कळलं.

३१ डिसेंबर
निश्चय: नव्या वर्षात कात्री हातात घ्यायची नाही.
संध्याकाळी थोडी घेतली. अजून जुनं वर्ष होतं.

२ जानेवारी
आज मोठी गोष्ट झाली. मी मोजत होते, मिताली समोर बसून चिक्की खात होती. म्हणाली, आजी, दोन्ही हात जमिनीवर ठेव. ठेवले. म्हणाली, बघ ना, तुझा हा वाला हात छोटा आहे.
तर आहेच. डाव्या करंगळीचं वरचं पेर लग्नाच्या आधी कडबाकुट्टीत गेलं. घरात सगळ्यांना माहीत आहे. त्या वितीत एक पेर कमी भरतं, म्हणून डावीकडच्या विती जास्त होतात, मतलब गोधडी पहिल्या दिवशी सीधी होती, असं तिचं म्हणणं. मी तिच्या तोंडावरून हात फिरवला. किती डोकं चालतं. नववीत आहे फक्त.
पण पन्नास वर्षं मी ह्याच हातांनी गोधड्या केल्या आणि कोणी कधी वाकडी म्हटलं नाही. खरं तर कोणी कधी मोजली नाही. अंगावर घेतल्यावर कोण मोजतं.

३ जानेवारी
पेराचा हिशेब धरून दुरुस्ती केली. डाव्या प्रत्येक वितीला एक पेर वाढवायचं की कमी करायचं ह्यात थोडा गोंधळ झाला. वाढवलं. बहुतेक कमी करायचं होतं.

५ जानेवारी
रणजीत ऑफिसातून लोखंडी टेप घेऊन आला. त्यानं एक टोक धरलं, मितालीनं दुसरं. मोनाली कमरेवर हात ठेवून उभी. खडूनं रेघा मारल्या, रणजीतनं स्वतः कापलं. आता चारी बाजू साडेतीन फूट, कोपरे काटकोनात, तसूभर फरक नाही.  मग रणजीत म्हणाला, आई, पाच फूट पाहिजे ना गं. मी म्हटलं, तो नियम नवशिक्यांसाठी असतो, त्यांना लहान जागेत काही दाखवता येत नाही.
तो म्हणाला, बारा तारखेची गाडी दुपारची आहे, शिदोरीला काय करायचं ते मोनालीला सांग. मी म्हटलं, घाई नाही.

८ जानेवारी
गोट लागला. हिरव्या खणाची पट्टी, दुहेरी घडी, उलट्या बाजूनं लपवाटाका. एक टाका मोठा नाही, एक लहान नाही. कोपऱ्यावर घडी अशी बसली की नख जाणार नाही. मागे नळी शिवली, नावाची चिठ्ठी शिवली. लोंबते दोरे शोधायला मितालीला मोबाईलची बॅटरी लावायला सांगितली. तिला एक सापडला, तो तिच्याच स्वेटरचा निघाला.
मोनालीनं बोट फिरवलं गोटावरून. म्हणाली, आई, हे आईला पण जमत नाही. तिच्या आईला, म्हणजे मंदाकिनीबाईंना. मी तिला अजून एकदा म्हणायला लावलं, नीट ऐकू आलं नाही म्हणून.

१० जानेवारी, रात्री आठ
स्पर्धा झाली. सविस्तर लिहिते.
दारावर एक बाई टेप घेऊन बसल्या होत्या. माझी मोजली, कागद पाहिला, पुन्हा मोजली. मोनालीला बाजूला घेऊन बोलल्या. मला म्हणाल्या, माताजी, बहुत सुंदर है, लेकिन ये रजाई में नहीं आएगी. मी म्हटलं, मग कशात येईल. त्यांनी बराच विचार केला.
परीक्षक बाई मात्र चांगल्या. नियमात नसताना थांबल्या, चष्मा लावून गोट पाहिला, कोपरा उलटा करून पाहिला, तिथल्या दुसऱ्या दोघींना बोलावून दाखवला. कागदावर लिहून दिलं: काठ दहापैकी दहा, कोपरे दहापैकी दहा, टाके दहापैकी दहा. आकाराच्या रकान्यात एक आडवी रेघ. म्हणजे तिथेही चूक काढता आली नाही.
टांगायला जागा नव्हती, म्हणून मी घेऊन बसले होते. बक्षिसांच्या वेळी एक मुलगी धावत आली, की स्टेजच्या टेबलावर टाकायला काही नाही, हे घेऊ का. टाकलं. चारी बाजूंनी जणू माप घेऊन शिवलेलं. सगळे कप त्यावर मांडले. हॉलमध्ये एकोणीस रजाया होत्या, एकही स्टेजवर गेली नाही. माझी गेली.
पहिला नंबर मंदाकिनीबाईंना. पण तो कप आधी माझ्या गोधडीवर होता, मग त्यांच्या हातात गेला. फोटोत स्पष्ट दिसतं.
नंतर टेबलावर कोणी चहा सांडला. नियमात डाग नको होता, पण निकाल लागून गेला होता.
रिक्षात घरापर्यंत मीच बोलत होते.

११ जानेवारी, सकाळी
अरुणचा फोन. विचारतो, पोती हलवायची का. बावीस आहेत. मी म्हटलं, कळवते.
बॅग काढली. दोन साड्या भरल्या, मग गुडघा दुखला म्हणून बसले.

११ जानेवारी, संध्याकाळी
तिकीट रद्द झालं. मला न विचारता. रणजीत म्हणाला, मोनालीनं सांगितलं. मोनाली म्हणाली, तुमचं नाव मंडळाच्या वर्गात घातलंय, मार्चअखेरपर्यंत, आता पैसे भरले, जायलाच पाहिजे. मी म्हटलं, शिकवायला दोघी लागतात का. ती म्हणाली, नाही आई, शिकायला. आणि पटकन आत गेली कणीक मळायला. कणीक मी दुपारीच मळून ठेवली होती.
मिताली म्हणाली, आजी, तू माझी क्लासमेट, मी पण जॉइन करते. ती संडेला येणार.
मी नको म्हणणार होते. पण एवढ्या लोकांनी अडवलं तर माझा इलाज नाही. अरुणला कळवलं, पोती राहू देत.
सोमवारी अकराला पहिला वर्ग. मोनालीनं नियम वाचून दाखवले, एकच लक्षात राहिला. तिथे सगळ्यांनी मंदाकिनीबाईंना मॅडम म्हणायचं आहे. मी आरशासमोर एकदा म्हणून पाहिलं. येतं.