पावसानंतरची फेरी

मंगळवार, १२ मे २०१५, सेरंगून, सिंगापूर

संध्याकाळपासून चित्त थाऱ्यावर नाही. ऑफिसातून आणलेलं पुस्तक एका अमेरिकन आर्किटेक्टवर आहे. गड्याने जन्मभर आपल्याच जिल्ह्यात कामं केली. शाळा, वाचनालयं, एक चर्च, शेतकऱ्यांची घरं. आणि मोठा पाऊस झाला की आपली छपरं गळतात का, हे बघत गाडीतून फिरायचा.

मी इतकी वर्षं इथे टॉवरचे नकाशे काढतोय. पाया लेबार भागातली आम्ही बांधलेली इमारत एमआरटीने, म्हणजे इथल्या मेट्रोने, दहा मिनिटांवर. आज दुपारी एवढा कोसळला, गेलो का बघायला?

"वाचताय की जप करताय? तासभर एकच पान," बायको, सुमन, म्हणाली.

परवा धाकट्या भावाने गावच्या शाळेच्या इमारतीसाठी नवा नकाशा मागितला, तेव्हा वेळ नाही म्हणालो. खरं तर कमीपणा वाटला. एवढीशी शाळा. तो अमेरिकन पावसानंतर निघायचा, त्याला वाटत असेल का कमीपणा?

देवापाशी दिवा लावला, पण मन लागेना. शेवटी भावाला फोन केला. "शाळा गळते कुठे रे?"

"तू बसायचास ना दादा, त्याच कोपऱ्यात. अजून."

जेवण तसंच राहिलंय. कागदावर आधी तो कोपरा आखून घेतला.