डाव्या बाजूचं दूध

४ मार्च
आलो एकदाचे ऑस्ट्रेलियाच्या या टोकाला, गिप्सलँडला! पुढे हिरव्यागार टेकड्या, मागे लगेच गोठा, स्वयंपाकघरात भरपूर ऊन. नवरा, ब्रॉडी, उद्या समुद्रातल्या गॅसविहिरीवर कामाला जाईल, तीन आठवड्यांनी परतेल. मला सहावा महिना. गाई आणि तू एकदमच बाळंत होणार, असं म्हणून तो मला दिवसभर चिडवत होता. गोठ्यातलं माझं काम सोपं आहे: धार काढण्याआधी प्रत्येक कास हातानं चाचपायची. टणक लागली तर ती बिघडलीय असं समजून गाईच्या पायाला लाल पट्टी बांधायची, म्हणजे तिचं दूध वेगळं काढतात.

१९ मार्च
अंघोळ करताना डाव्या स्तनात गाठ लागली, वाटाण्याएवढी. सुईण लोर्नाला दाखवली, तर ती हसली. म्हणाली, अगं, दुधाची तयारी चाललीय, या दिवसांत असंच होतं. पोटातलं बाळ शरीराला थोडं परकंच. त्याच्यावर तुटून पडू नये म्हणून आपले पहारेकरी, म्हणजे रक्तातल्या रोगाशी लढणाऱ्या पेशी, नरम पडतात. पुढे अंगावर पाजलं की तेच छातीत ठाण मांडून राखण करतात, असं हल्ली डॉक्टर म्हणतात म्हणे. ऐकून बरं वाटलं. घरी सांगायला कोणी नव्हतं, म्हणून गाईंना सांगितलं.

२ मे
गाठ वाढलीय. कास अशी लागली असती तर मी केव्हाच पट्टी बांधली असती. ब्रॉडीला फोनवर सांगितलं, तर म्हणाला, टेगन, तू काय गाय आहेस का? मीही हसले. फोन ठेवल्यावर फार एकटं वाटलं.

२० जून
मुलगी झाली. आयव्ही. उजवीकडे मजेत पिते. डावीकडे घेतलं की किंचाळते, तोंड फिरवते. लोर्ना म्हणते, लागेल सवय.

१ जुलै
गोठ्यात वासरू बिघडलेल्या सडाला तोंड लावत नव्हतं. बराच वेळ बघत उभी राहिले. पहारेकरी नरम पडले, बाळासाठी मी दार उघडं ठेवलं होतं. त्याच दारानं आणखी कोणी —

६ जुलै
काखेतही गाठ लागतेय. लोर्नानं हात लावला. या वेळी हसली नाही. गुरुवारी मेलबर्नला तपासणी. ब्रॉडीचा फोन लागत नाही, समुद्रात वादळ आहे. मला भीती वाटतेय.

७ जुलै
डाव्या मनगटाला लाल पट्टी बांधली. का, माहीत नाही. उजवीकडचं तरी आहे — तिला पुरेल — पुरायला हवं —

८ जुलै
आयव्ही भुकेली. उजवीकडे घेतलं. एक घोट प्यायली. थांबली. माझ्याकडे बघितलं, आणि तोंड फिर —