शगुनाचं बिल

५ ऑक्टो., रवि.
नवा सर्व्हर उभा. जुन्यावर बनलेल्या प्रत्येक बिलाची नक्कल लगेच नव्यावर उतरते. दोन्ही बरोबरीला असले की पुढच्या रविवारी सेठजींची सोन्याचांदीची तिन्ही दुकानं नव्याकडे वळवायची. बिलिंग थांबेल ते चहा पिण्यापुरतं. गेल्या धनतेरसला जुना अडकला, ग्राहक उठून गेले होते.
तोवर नव्यावर कुणी काही लिहायचं नाही, सेठजींना बजावलं. सगळ्यांचं लिहिणं बंदही केलं. फक्त त्यांना पूर्ण अधिकार हवेत. "मालिक हम हैं कि मशीन?" दिले.

८ ऑक्टो., बुध.
नक्कल बंद पडली. नव्यावर त्याच नंबरचं बिल आधीच हजर. ग्राहक: श्री लक्ष्मीजी. माल: चांदीचा एक सिक्का.
काल मुहूर्त होता म्हणे. सेठजींनी सर्व्हरच्या कपाटावर कुंकवाचं स्वस्तिक काढलं आणि पहिलं बिल स्वतः फाडलं, थेट नव्यावर. मग नया बाजारच्या दुकानात जुन्यावर खरं बिल बनलं, त्यालाही तोच नंबर.
"बिटिया, शगुन का एक बिल ही तो काटा है."
मिटवावं लागेल, म्हटलं.
"शगुन का बिल मिटाते नहीं. दूसरा वाला छोड़ दो."
दुसरं म्हणजे एका बाईंच्या पाटल्या. पैसे देऊन गेल्यात त्या.
म्हटलं, तुमचं जुन्यावर काढा, आपोआप नव्यावर येईल.
"पुराने पर शगुन?"

१० ऑक्टो., शुक्र.
तसंच अडकलंय. मागे राहिलेली बिलं वाढतायत. आज सगळ्या काउंटरसमोर सेठजी: "बिटिया नई है, गड़बड़ कर बैठी."
बोलले असते तर नोकरी गेली असती. चुकीचं मात्र एक अक्षर बोलले नसते.
घरी आई: "मोठे आहेत ते. सोड ना, कशाला झगडा?" ताट सारून उठले.

१२ ऑक्टो., रवि.
शगुनाचं बिल मिटवलं. न विचारता. नक्कल चालू झाली, पाटल्या उतरल्या, दुपारी बरोबरी. दुकानं वळवली. सराफ्यातल्या काउंटरवर कुणाला कळलंसुद्धा नाही.
मग सेठजींचे लिहिण्याचे अधिकार काढले. बघण्याचे ठेवले.

१३ ऑक्टो., सोम.
सेठजी खूश. "मक्खन चल रहा है. देखा, शगुन का असर?"
मनात आलेल्या शिव्या सगळ्या हिंदीत होत्या.
उद्या पुष्य नक्षत्र, सोनं घ्यायचा मुहूर्त. सकाळी दुकान उघडताना पंडितजींना स्क्रीनवर ते पहिलं बिल दाखवणार आहेत.
म्हटलं, "मैं भी आऊँगी."