वरळीचा बेडूक

बाई, परवा वरळीला गेले होते. तुम्ही आम्हाला जिथे खडकांवर उतरवलं होतं तिथे आता उतरता येत नाही. भिंत आहे, आणि भिंतीखाली लाटा अडवायला टाकलेले सिमेंटचे ठोकळे. ओहोटी असूनही काळा खडक जेमतेम हातभर दिसला. मी वाकून बघत होते तेव्हा एका हवालदाराने हटकलं, "आजी, काय पडलं का खाली?" मी म्हटलं, नाही हो, काही नाही. घरी आल्यावर वाटलं, खरं उत्तर तुम्हाला तरी द्यावं. तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाली आहेत की आता घाई करण्यातही अर्थ नाही.

गिरगावातल्या त्या शाळेत तुम्ही आम्हाला भूगोल शिकवायचात. दादरहून ट्रामने यायचात, पाचवारी पातळ, हातात बारा महिने छत्री. पुस्तक क्वचित उघडायचात. "चला, पायाखाली काय आहे ते बघू," म्हणून वर्गच्या वर्ग रस्त्यावर काढायचात. तो काळ असा की मुंबई महाराष्ट्रात राहणार की वेगळी निघणार यावरून घराघरात भांडणं, रोज कुठे ना कुठे मोर्चा. तुमचं मात्र भलतंच चाललेलं. मलबार हिलपासून वरळीपर्यंतचा कणा समुद्राच्या माऱ्यात उभा का राहिला? तिथला खडक कठीण म्हणून. परळ-लालबागला दर पावसाळ्यात गुडघाभर पाणी का? दोन बेटांमधली खाडी बुजवून केलेली ती जमीन म्हणून; सखल, सपाट, स्वस्त. "म्हणून गिरण्या तिथे, चाळी तिथे आणि पाणीही तिथेच," तुम्ही म्हणायचात. माझे वडील परळच्या गिरणीत होते, दर पावसाळ्यात चपला हातात घेऊन घरी यायचे. समुद्राने ठरवलेल्या गोष्टी आपल्या घरापर्यंत येतात हे मला तेव्हा पहिल्यांदा कळलं.

वरळीला तुम्ही आम्हाला दोन काळ्या खडकांच्या मधला एक तपकिरी, पापुद्र्यांचा थर दाखवलात. लाव्हा एकदम आला नाही, म्हणालात. आला, थंडावला, थांबला. त्या थांबण्यात पाणी साचलं, तळं झालं, तळाशी गाळ बसला, बेडूक आले. मग पुन्हा लाव्हा. "डोंगर त्या आगीने केले, पण जीव रमले ते मधल्या सुट्टीत." आता तोच मऊ थर लाटा आधी पोखरतात आणि वरचा कठीण खडक आधार गेल्यामुळे कोसळतो, हेही सांगितलंत. एका मुलीने विचारलं, "बाई, पण मुंबई महाराष्ट्राचीच ना?" तुम्ही छत्रीचं टोक खडकावर आपटलंत. "खडक तर घाटाचाच आहे. तो इथवर आला तेव्हा कोणाला विचारायला थांबला नव्हता. पुढचं मोठी माणसं बघतील." आम्ही हे वाक्य वाडीत सगळ्यांना सांगत सुटलो. तुम्ही चळवळीत आहात असा लोकांचा समज झाला, आणि तुम्ही तो खोडायच्या भानगडीत पडला नाहीत.

त्याच थरातला एक दगड तुमच्याकडे होता. पोळपाटाएवढी पाटी, आणि तिच्यावर करंगळीच्या पेराएवढा बेडूक. मागचे पाय दुमडलेले, हाडं शाईने काढल्यासारखी. तो तुम्हाला स्वतःला सापडला होता. तुम्हाला कॉलेजात खडकच शिकायचे होते, घरच्यांनी शिक्षिकेचा कोर्स करायला लावला, हे तुम्ही एकदाच बोललात, तेही पाठमोरं, फळा पुसताना. शाळेच्या प्रदर्शनाला एका कॉलेजातले प्राध्यापक येणार होते. दगड पसंत पडला तर ते तो कॉलेजच्या संग्रहात ठेवणार होते, खाली तुमच्या नावाची चिठ्ठी. ती चिठ्ठी तुम्ही आधीच लिहून ठेवली होतीत. आम्ही ती चोरून वाचली होती.

आणि प्रदर्शनाच्या आठवड्यातच गोळीबार झाला, शाळा भर दुपारी सोडली. ट्राम बंद. दादरपर्यंत चालत जायचं, त्यात हा दगड कसा न्यायचा, म्हणून तुम्ही तो माझ्या हातात दिलात. "तू जवळ राहतेस. नीट ठेव. शाळा उघडली की आण." एवढंच. एवढ्या मुलींमधून मला दिलात म्हणून मी घरी जाईपर्यंत हवेत होते.

कर्फ्यू लागला. चाळीतल्या बायकांना दुसरं काम नाही, म्हणून जी ती भांडी काढून बसलेली. मी दगड आईला दाखवते. त्याच्या कडांना मीठ चढलेलं, वर धुळीची पुटं. आई म्हणते, "लोकांची वस्तू ती, चकचकीत करून दी गो." आमच्याकडे बाहेरून आलेली वस्तू घासल्याशिवाय घरात घेत नसत आणि उसनं आणलेलं भांडं आणलं त्यापेक्षा उजळ करून परत करत. मी मोरीत बसते. चिंच, राख, नारळाची शेंडी. काळपट पाणी वाहायला लागतं आणि मला आनंद होतो की मळ निघतोय. मी आणखी जोर लावते. पापुद्रा सुटतो, त्याच्याखालचा सुटतो. पाणी ओतून बघते तर पाटी गुळगुळीत, स्वच्छ, आणि बेडूक नाही. मोरीच्या तोंडाशी जाळीवर थोडा गाळ होता. मी तो बोटांनी चाचपला. किती वेळ चाचपत होते ते आठवत नाही.

शाळा उघडली तेव्हा मी रिकाम्या हाताने आले. सांगितलं, दगड धुऊन गॅलरीत वाळत ठेवला होता, मोर्चातली पोरं फेकायला दगड गोळा करत वर आली, त्यांनी तोही नेला. ही थाप रात्रभर रचली नव्हती. तुमच्या टेबलाशी आल्यावर तोंडातून निघाली. तुम्ही माझ्या हातांकडे बघितलंत. नखांत अजून राख होती. मग विचारलंत, "कोणाला लागला का?" मी म्हटलं, माहीत नाही. "लागू नये कोणाला," म्हणालात आणि हजेरी घ्यायला लागलात.

प्राध्यापक आले, तुम्ही त्यांना हीच हकिकत हसत सांगितलीत, तेही हसले आणि दुसरे दगड बघून गेले. पुढे राज्य झालं, गिरगावात रोषणाई झाली, तुम्ही वर्गात पेढे वाटलेत. "आमच्या घरातून कोणी तुरुंगात गेलं नाही, पण एक बेडूक कामी आला." सगळा वर्ग हसला. निवृत्तीच्या समारंभातही तुम्ही तेच सांगितलंत, आणि टाळ्या माझ्यासाठी वाजवायला लावल्यात, मी तो सांभाळला होता म्हणून. दर दसऱ्याला मी तुमच्याकडे सोनं द्यायला यायचे. जिना चढताना ठरवायचे, आज सांगायचं. मग तुम्ही चहा टाकायचात.

मीही भूगोलच शिकवला, परळला, तीस-एक वर्षं. एकदा मुलींना वरळीला नेलं. त्या समुद्रात दगड फेकायला लागल्या आणि मी नुसती बघत राहिले. एकजात सगळ्या मुठीत मावणारे गोटे उचलत होत्या. पोळपाटाएवढी पाटी कोणी उचलत नव्हतं. ती उचलायला दोन हात लागतात; फेकायची तर तीन पावलांवर पडेल. हे तुम्हाला माहीत नसणं शक्यच नाही, वरळीहून तुम्ही ती स्वतः वाहून आणली होतीत. म्हणजे तुम्हाला पहिल्या दिवसापासून कळलं असणार. मला फार लाज वाटली, आणि लाजेपेक्षाही राग आला, तुमचा. एकदा रागावला असतात तर मी मोकळी झाले असते.

दादरची तुमची इमारत पाडली, त्यामुळे हे पत्र टाकायलाही पत्ता नाही. लिहून झालं की त्या दगडाखालीच ठेवीन. हो, तो आहे माझ्याकडे, कोरा. गेल्या रविवारी नात आली होती. तिला लाव्हाची, तळ्याची, बेडकाची गोष्ट सांगितली, अगदी तुमच्या शब्दांत. ती मन लावून ऐकत होती. दगड आमच्या दोघींच्या मधे टेबलावर होता आणि तिने त्याच्यावर दुधाचा पेला ठेवला होता. "मग त्या दगडाचं काय झालं, आजी?" तिने विचारलं.

मी म्हटलं, "मोर्चातल्या पोरांनी नेला."