कॉम्प्युटरला वाळवी लागत नाही

१ जानेवारी २००२, मंगळवार
नवी डायरी. खताच्या दुकानातून फुकट मिळाली. प्रत्येक पानाखाली युरियाची जाहिरात आहे, पण कागद चांगला आहे.
यंदाचा संकल्प एकच: मल्लिकार्जुन फोटो स्टुडिओ पूर्णपणे कॉम्प्युटरवर. गेवराईत असं करणारा मी पहिला. भगवानराव, स्टँडसमोरचे, अजून बिस्किटाच्या डब्यांत निगेटिव्ह ठेवतात. दया येते.
बहिणीचा वीरेश पुण्याहून आला आहे. तिथे कॉम्प्युटर कंपनीत आहे. माझं मशीन बघून तोंड वाकडं केलं. म्हणाला, मामा, हे विंडोज पंच्याण्णव आता बंद झालं, यात भोकं सापडली तर यापुढे कुणी बुजवून देणार नाही. मी म्हणालो, मशीन चार वर्षं चालतंय, एकही भोक दिसलेलं नाही. चालतंय ना, मग हात लावायचा नाही. हे माझं तत्त्व आहे.
शिकलेल्या पोरांना जुनं काही बघवतच नाही.

१४ जानेवारी, संक्रांत
कपाट रिकामं केलं. वीस वर्षांच्या निगेटिव्ह! भंगारवाल्याने आनंदाने नेल्या, त्यातून म्हणे चांदी निघते. कपाटाच्या जागी मोठा आरसा लावला. गिऱ्हाइकाला केस विंचरायला बरं.
मल्लम्मा तिळगूळ घेऊन दुकानात आली आणि रिकामी जागा बघून तशीच उभी राहिली. विचारलं, आपल्या लग्नाच्या निगेटिव्ह कुठं आहेत. सांगितलं, सगळं कॉम्प्युटरमध्ये आहे. तिने विचारलं, घातलंय का. मी म्हणालो, टप्प्याटप्प्याने.
बायकांना कागदाचा फार लोभ. कागदाला वाळवी लागते, ओल लागते. कॉम्प्युटरला वाळवी लागत नाही.

२० जानेवारी
लग्नाच्या अल्बमची काही पानं स्कॅनरवरून टाकली मशीनमध्ये. आमच्या घरचा अल्बम आधी घेतला. मंगलाष्टकांपर्यंत झालं, मग लाइट गेली. पानं चिकटलेली होती, काढताना फाटली, म्हणून टाकून दिली. चित्र आत आलंय, कागद कशाला हवा. उरलेलं पुढच्या आठवड्यात.

११ फेब्रुवारी
औरंगाबादच्या एका ओळखीच्याने सीडी दिली. अल्बमसाठी शंभर प्रकारच्या फुलांच्या चौकटी. एकदम फुकट! त्याने ती दुसऱ्याकडून घेतली, त्याने तिसऱ्याकडून. धंद्यात माणसं जोडावी लागतात.
सीडी घातल्यापासून मशीन थोडं हळू झालंय. थंडीमुळे असेल.

१९ फेब्रुवारी
वीरेशचा फोन. कुणाच्याही सीड्या घालू नकोस, अँटिव्हायरस आहे का? आहे. अठ्ठ्याण्णव सालीच टाकलाय. रोज सकाळी विचारतो, मला नवीन करू का. मी कॅन्सल दाबतो. रोज उठून तेच विचारणाऱ्याला माझ्याकडे उत्तर मिळत नाही, मग तो माणूस असो की मशीन.

२० मार्च, बुधवार
छबुबाई नावाची म्हातारी आली. गोदाकाठच्या गावची. मुलगा शहादेव गेल्या वैशाखात गेला, नदीत वाळूचा ट्रॅक्टर उलटला. मित्राच्या लग्नातला घोळक्याचा एक फोटो आहे, त्यात कडेला तो उभा. भुवईवर जुनी जखम, अर्धवट हसतोय. आयुष्यात काढलेला हा एकच. वर्षश्राद्धाला मोठा करून, काच लावून पाहिजे.
लगेच आत घेतला. म्हातारी म्हणाली, जुना फोटो परत द्या. मी समजावलं, तुमचं घर पत्र्याचं, पावसात भिजेल, इथे सुरक्षित राहील. ती मान हलवून गेली.
संध्याकाळी रद्दीवाला आला. दुकानात कागद ठेवायचा नाही हे धोरण ठरलेलं आहे, आणि धोरणात अपवाद केले की धोरण राहत नाही. फोटो दिला.

२ एप्रिल
शहादेववर मेहनत घेतली. घोळक्यातून बाजूला काढला, भुवईवरची जखम पुसली, अंगात कोट घातला, डोक्याला फेटा. गेलेल्या माणसाला मी कोट घालतोच. जिवंतपणी नसला तरी भिंतीवर माणूस कसा भारदस्त दिसला पाहिजे. पाटलापासून पोस्टमनपर्यंत सगळे माझ्याकडे एकाच कोटात आहेत.
नेमकी छबुबाई आली. डोळ्यांत मोतीबिंदू, म्हणून पडद्याला नाक लावून पाहिलं. म्हणाली, "त्याला कोट कुठं व्हता? आन ही खून कावून काढली? आठ वर्साचा आसताना बैलानं शिंग मारलं व्हतं. हाय तसाच छापून द्या."
मी म्हणालो, माझ्या दुकानातून अर्धवट काम जात नाही. पुढे या. जखम परत घालायला सांगतेय! लोक जखमा काढायचे पैसे देतात.
छापायला दहा मिनिटं लागली असती. पण मग स्टुडिओत आणि झेरॉक्सच्या दुकानात फरक काय राहिला?

१३ एप्रिल, पाडवा
मशीनची पूजा केली. हळदीकुंकू, नारळ, माळ. थोडं कुंकू फ्लॉपीच्या फटीत गेलं. काही होत नाही.

२२ एप्रिल, सोमवार
वीरेशचा फोन, यावेळी आवाजात घाई. एक व्हायरस आहे, नाव रशियातल्या कुठल्या अणुभट्टीचं. वर्षभर गप्प बसतो आणि सव्वीस एप्रिलला उठतो. मशीनच पुसून टाकतो. नव्या विंडोजवर त्याचं चालत नाही, तुझ्यासारख्या जुन्यावरच चालतं. मामा, सव्वीसला मशीन लावू नकोस. आणि त्याआधी सगळं सीडीवर काढून ठेव.
सव्वीसला मशीन बंद? सव्वीसला तीन लग्नं आहेत. पुण्यात बसून बोलायला काय जातं.
मल्लम्मा म्हणाली, एक दिवस बंद ठिवा की. मी म्हणालो, तू स्वयंपाकाचं बघ.

२५ एप्रिल, गुरुवार, संध्याकाळ
उपाय सापडला. स्वतःचा. कुणाला विचारलं नाही.
व्हायरसला तारीख कोण सांगतं? मशीनचं घड्याळ. म्हणून घड्याळच दोन दिवस मागे नेलं. आज पंचवीस, मशीनला वाटतंय तेवीस. उद्या सव्वीस, मशीनला वाटेल चोवीस. व्हायरस झोपलेलाच!
सीडीवर काढायची आता गरजच नाही. पुण्याच्या कंपनीतल्या लोकांना हे सुचलं नाही. शाळेत असताना मला कुणी गणितात हुशार म्हटलं नाही, आज म्हटलं असतं.

२६ एप्रिल, शुक्रवार
काही झालं नाही. दिवसभर मशीन घोड्यासारखं पळालं. तिन्ही लग्नं केली. भगवानरावांच्या दुकानासमोरून मुद्दाम दोनदा गेलो.

२७ एप्रिल, हनुमान जयंती
नारळ फोडला. वीरेशने विचारलं, काल मशीन बंद ठेवलं होतं ना? मी हसलो आणि सगळं सांगितलं. तो काहीतरी म्हणत होता, ते ऐकून न घेता फोन ठेवला. हरलेल्या माणसाचं काय ऐकायचं.
एकच तक्रार आली. लग्नाच्या फोटोंवर दोन दिवस आधीची तारीख उमटली आहे. नवरदेवाचे वडील म्हणाले, आमच्या पोराला हळद लागायच्या आधीच तुम्ही त्याचं लग्न लावलंत. मी म्हणालो, तारखेकडे कशाला बघता, चेहरे बघा.
घड्याळ परत बरोबर करायला हवं. सोमवारी करू, महादेवाचा वार. आत्ता चालतंय ना.

२८ एप्रिल, रविवार, सकाळ
मशीन लावलं. फुलांची चौकट उघडली. पडदा निळा झाला, मग काळा. बंद करून परत लावलं. पंखा फिरतो, पडदा काळा. व्होल्टेज कमी असणार. रविवारी व्होल्टेज कमीच असतं.

२८ एप्रिल, दुपार
प्लग बदलला. दुसऱ्या खोलीत नेलं. मल्लम्माने दिवा ओवाळला. काळाच.
वीरेशला लावला. म्हणाला, "मामा, घड्याळ परत सरळ केलं होतंस का? दोन दिवस मागे असेल, तर तुझ्या मशीनची सव्वीस तारीख आज आहे."
लाइनमध्ये खरखर आहे म्हणालो आणि ठेवला. खरखर नव्हती.

२ मे
औरंगाबादला नेलं, मांडीवर घेऊन एसटीने. मेकॅनिकने उघडलं, फटीतलं कुंकू बोटाने काढलं आणि हसला. डिस्क कोरी, बोर्डही गेला. दुसरीकडे प्रत काढली आहे का? मी म्हणालो, काढणारच होतो.
येताना भंगारवाल्याकडे उतरलो. निगेटिव्ह कधीच धुतल्या, चांदी सोनाराकडे गेली. रद्दी तर कारखान्यात.
वीरेशने वेळेवर नीट समजावलं असतं तर ही वेळ आली नसती. तो घाईघाईत बोलतो.

६ मे
मल्लम्माने विचारलं, आपल्या लग्नाचे किती राहिले. मंगलाष्टकांनंतरचे आहेत, म्हणालो. म्हणाली, "माजी आई मंगलाष्टकातच व्हती. नंतर ती बसून राहिली, तिला दम लागत व्हता." तिच्या आईचा दुसरा फोटो नव्हता हे मला माहीत नव्हतं. म्हणजे तिने सांगितलं असेल कधीतरी. त्यानंतर ती माझ्याशी बोललेली नाही. ताट वाढते आणि आत जाते.
आरसा काढून टाकावा म्हणतो. दिवसभर समोर मीच दिसतो.

१० मे
छबुबाई आली. वर्षश्राद्ध पुढच्या गुरुवारी. म्हणालो, औरंगाबादला छपाईला दिलाय, खास कागदावर. तिने विचारलं, खूण ठेवली ना? ठेवली, म्हणालो.
हे खोटं नाही. वेळ मागून घेणं आहे.

१४ मे, मंगळवार
भगवानरावांकडे गेलो. पाणी दिलं. मशीनचं त्यांना कळलं होतं, पण त्यांनी विषय काढला नाही, याचाच जास्त राग आला. शहादेवच्या त्या घोळक्याच्या फोटोची निगेटिव्ह असेल का, विचारलं. त्यांनी सगळे डबे उघडले, उन्हाकडे धरून एकेक पट्टी पाहिली. नाही निघाला.
एका डब्यात लोकांनी न नेलेले पासपोर्ट फोटो होते. त्यात एक पोरगा, तेवढ्याच वयाचा, गोल चेहरा. उंबऱ्यावर कुणी हाक मारली म्हणून भगवानराव बाहेर गेले, तेवढ्यात खिशात टाकला.
म्हातारीला दिसतं किती. वर्ष झालंय. काचेमागे सगळे चेहरे एकसारखेच होतात, आणि तिला समाधान मिळाल्याशी मतलब. तिच्या भल्यासाठीच करतोय. बीडला नेऊन मोठा करून घेतला. भुवईवर काळ्या शाईने बारीक रेघ ओढली. हुबेहूब.

१६ मे, गुरुवार
छबुबाई सकाळच्या गाडीने आली. हातात ओल्या फडक्यात झेंडूचा हार. मी फ्रेम वर्तमानपत्रात बांधून ठेवली होती. दोरी सोडून दिली. ती उजेडासाठी दारात गेली, काच डोळ्यांजवळ धरली, भुवईवरून बोट फिरवलं. मी आपणहून सांगायला लागलो की कॉम्प्युटरमध्ये चेहरा थोडा बदलतो, कागदही वेगळा आहे, ऊनही कमी आहे.
ती रागावली नाही. ती रागावली असती तर मला बोलता आलं असतं. तिने फ्रेम परत त्याच कागदात गुंडाळली, दोरी बांधली आणि माझ्या हातात दिली.
"लई गोड लेकरू हाय. पर माजं न्हाई. ह्याच्या आईला द्या, ती हुडकत आसंल."
मग म्हणाली, काही हरकत नाही, मोठा नसू दे, माझा तेवढा जुना फोटो द्या, त्यालाच हार घालते.
मी सांगितलं, तो नाही. टाकून दिला.
"कावून?"
या डायरीत सगळी कारणं आहेत. वाळवी, ओल, व्होल्टेज, धोरण. त्यातलं एकही तोंडातून आलं नाही. ती थोडा वेळ बाकावर बसून राहिली, आरशाकडे पाठ करून. मल्लम्मा आतून पाणी घेऊन आली आणि तिच्याशेजारी बसली.
हार तिने परत नेला.