पडद्याचं प्रतिमापूजन

जळगाव, २० एप्रिल

ती. कोकिळाक्कास,

नलूचा वाकून नमस्कार. धुळ्यात तुझे गुडघे काय म्हणतात? इथल्या उन्हाबद्दल लिहीत नाही, पत्र करपेल. आधीच सांगते, मी संशोधन सोडलं. कायमचं.

कॉन्व्हेंटात आपण तळहातावर डिंक लावून, वाळला की न फाडता सोलायचो, आठवतं? (पट्टी तुला बसायची; सोलणं माझं चांगलं होतं.) नोकरीभर मी तेच केलं. पॉलिमरचं द्रावण सपाट काचेवर ओतायचं, हळूहळू वाळू द्यायचं, अलगद सोलायचं. फ्युएल सेलमध्ये एका बाजूला हायड्रोजन, दुसरीकडे हवा आणि मधे हा पातळ पडदा. तो प्रोटॉन तेवढे पलीकडे सोडतो, वायू अडवतो, म्हणून वीज मिळते. सोलून एकदा पाण्यात भिजवला की मात्र त्याला सतत ओलं ठेवावं लागतं. सुकला की संपला.

परवा कॉलेजात प्रमुख पाहुणे आले. ठरलं होतं की त्यांच्यासमोर पडद्याच्या विजेवर छोटा पंखा फिरला, तर मी निवृत्त झाल्यावर प्रयोगशाळा माझ्या विद्यार्थिनीला, प्रज्ञाला मिळणार. नाहीतर तिथे समारंभाच्या खुर्च्या. पडदा पाण्याच्या डब्यात ठेवून मी साडी बदलायला घरी गेले. (मोतिया रंगाची, आईची. उगाच नेसले.) परतले तर स्टेजवर थोरामोठ्यांच्या तसबिरींच्या रांगेत, सोनेरी चौकटीत माझा पडदा! पाहुण्यांनी एकेका तसबिरीला हार घालत शेवटी त्यालाही घातला आणि डोळे मिटून हात जोडले. पुढच्या रांगेतले उठून उभे राहिले.

आमचा शिपाई पितांबर अभिमानाने म्हणाला, "मॅडम, इतली मोठी वस्तू शे, डबामा कशी ठेवानी? प्राचार्य सर बोलनात फ्रेम कर. मी पुसीसन, उनमा सुकाडीसन बसाडी दिधी!"

चौकट उघडली तर उन्हात सुकवलेल्या पडद्याला भेगा. पंखा हलला नाही. प्राचार्य हसले, "मॅडम, हार तरी मिळाला!" मग मलाही शाल-नारळ दिला, मी हसून घेतला, कॉन्व्हेंटची शिस्त. प्रज्ञाने ते तुकडे गुपचूप पुन्हा पाण्यात घातले. (उपयोग नाही हे तिला ठाऊक होतं. मीच शिकवलंय.) माझ्या निवृत्तीचीही वाट न बघता संध्याकाळीच प्रयोगशाळेत खुर्च्या आल्या.

असो. औषध वेळेवर घे.

तुझी,
नलू

ता. क. बाबांच्या टेबलावरची जाड काच अजून तुझ्याकडे आहे ना? तितकी सपाट काच इथे मिळत नाही. प्रज्ञा शनिवारी एसटीने न्यायला येईल. स्वयंपाकाचा ओटा मी रिकामा केलाय.

पुन्हा ता. क. काचेखाली आपल्या दोघींचा गणवेशातला फोटो असेल. तो तुझ्याकडेच ठेव. फक्त फ्रेम करू नकोस. कुणीतरी हार घालेल.